हौशी फिल्मसाठी कॅमेरा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपट करू पाहणारे, एकांकिकांची मंडळं आणि कॉलेजातली मुलं कॅमेऱ्याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंटरनेटवरची कितीतरी परीक्षणं थंड हवेच्या देशांत, मोठमोठ्या घरांत केलेली असतात. आपल्याला कॅमेरा चालवायचा असतो तो मे महिन्याच्या उन्हात, दहा बाय बाराच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली आणि चार महिन्यांच्या पावसात. म्हणून उत्तरं त्या अंगाने लिहिली आहेत. किमती दर सणाला हलतात, त्या इथे दिलेल्या नाहीत.

१. आधी फोनवर फिल्म करून पाहावी, की थेट कॅमेराच घ्यावा?

पाच मिनिटांची एक पूर्ण फिल्म आधी फोनवर करा. पूर्ण म्हणजे लिहिलेली, शूट केलेली, एडिट केलेली आणि चार परक्या माणसांना दाखवलेली. ती करताना जे अडेल, त्यावरून पुढे काय घ्यायचं ते कळेल. बहुतेकांचं आधी आवाजापाशी अडतं (प्रश्न ११), कॅमेऱ्यापाशी नंतर.

फोनच्या मूळ कॅमेरा अॅपमध्ये उजेड आणि फोकस शॉट चालू असताना आपोआप बदलतात. माणूस खिडकीसमोरून गेला की अख्खी फ्रेम काळवंडते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप घ्या. ते २०२३ मध्ये आयफोनसाठी आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडसाठी आलं, मात्र ते प्रत्येक अँड्रॉइड फोनवर चालत नाही. त्यात शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती तीव्रतेने टिपतो ते), रंगाचं तापमान आणि फोकस पक्के बांधून ठेवता येतात. दुसरी अडचण फ्रेम दराची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची त्याची. पुष्कळ फोन अंधार पडला की फ्रेमची संख्या स्वतःहून कमी-जास्त करतात. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज काही मिनिटांतच ओठांपासून सुटतो. दर बांधून ठेवला की हा त्रास बराच कमी होतो.

२. कॅमकॉर्डर, डीएसएलआर, मिररलेस, सिनेमा कॅमेरा... नेमका फरक काय?

कॅमकॉर्डर म्हणजे लग्नात शूटिंगवाल्याच्या खांद्यावर किंवा हातात दिसतो तो. लेन्स अंगालाच जोडलेली, झूम लांबवर जाणारा, तासन्‌तास रेकॉर्डिंगची सोय. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, बहुधा लहान असतो, त्यामुळे कमी उजेडात चित्रात दाणे दिसतात.

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. लेन्स दोन्हींत बदलता येते. नव्याने घेणार असाल तर मिररलेसच घ्या. कंपन्यांचं नवं काम तिकडेच चाललं आहे, आणि व्हिडिओतला ऑटोफोकसही तिथेच चांगला आहे.

सिनेमा कॅमेरा हा एडिटिंगच्या टेबलावर भरपूर मोकळीक देणारा आणि शूटवर भरपूर मागणारा प्रकार. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के (२०१८) पाहा. चित्र सुरेख, पण सतत चालणारा ऑटोफोकस नाही, अंगात स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) नाही आणि छोटी बॅटरी तासभरही पुरत नाही. फोकस ओढायला वेगळा माणूस असेल तर तो तुमचा. एकट्याने शूट करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. घरात दादाचा जुना डीएसएलआर पडून आहे. तो चालेल का?

चालेल. आधी माइक लावायचं भोक आहे का ते बघा. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० हे आपल्याकडे घरोघरी गेलेले कॅमेरे, पण दोन्हींत बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. तरीही ते टाकाऊ ठरत नाहीत. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि टाळी वाजवून जुळवा, म्हणजे काम होतं.

कॅनन २००डी मार्क २ किंवा एम५० असेल तर एक खाच लक्षात ठेवा. फोर के (फुल एचडीच्या चौपट बारकाईचं चित्र) लावलं की चित्र बरंच कापलं जातं आणि कॅननचा चांगला, ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस बंद पडतो. हे दोन्ही कॅमेरे फुल एचडीवरच वापरा, तिथे ते गुणी आहेत. एम५० नव्याने सेकंडहँड घेऊ मात्र नका. त्याचा लेन्स माउंट (लेन्स बसवायची कडी) कॅननने बंद केला आहे आणि त्या लेन्स नव्या आर मालिकेवर बसत नाहीत.

४. फोर के नसेल तर फिल्म फेस्टिव्हलला घेतात का?

घेतात. थिएटरातल्या प्रोजेक्टरला जे डिजिटल पॅकेज लागतं, त्याचं टू के माप आहे २०४८ × १०८०. फुल एचडी आहे १९२० × १०८०. उंची तीच, रुंदीत किंचित फरक. म्हणजे नीट फोकस केलेलं, नीट उजळलेलं फुल एचडी मोठ्या पडद्यावर उभं राहतं. फोर केचा खरा उपयोग एडिटिंगमध्ये होतो: फ्रेम थोडी आत ओढता येते, तिरका क्षितिज सरळ करता येतो. दोन पात्रांच्या शॉटमधून एकाचा क्लोजअप काढायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्यात उजेड आणि लेन्स दोन्ही वाइडचेच राहतात, आणि ते दिसतं.

५. सेन्सर जितका मोठा तितका कॅमेरा चांगला, हे खरं का?

अर्धं खरं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ (कॅननचा थोडा लहान), मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ × १३, आणि ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८. मोठ्या सेन्सरवर कमी उजेडात दाणे कमी दिसतात आणि मागचं धूसर करणं सोपं जातं. पण तो आला की लेन्स जड आणि महाग होतात, आणि फोकस चुकायची शक्यता वाढते. पात्र चालत जवळ येतंय आणि तुम्ही एकटे आहात, अशा वेळी धूसर पार्श्वभूमीपेक्षा तीक्ष्ण चेहरा मोलाचा.

हौशी कामासाठी एपीएस-सी हा मला सर्वांत शहाणा पल्ला वाटतो. चित्रपटाच्या सुपर ३५ फिल्मची रुंदीही साधारण तेवढीच.

६. लेन्स कोणती घेऊ? सगळे ५० एमएम एफ१.८ घ्या म्हणतात.

सगळे स्वस्त आहे म्हणून सांगतात, आणि ती लेन्स चांगलीच आहे. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त.) पण तुम्ही शूट कुठे करणार ते बघा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून दहा फुटांवरून पाहिलं, तर फ्रेममध्ये जेमतेम पावणेपाच फूट रुंदी मावते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही कॉटवर बसलेली आई आणि दारात उभा मुलगा एका फ्रेममध्ये येणार नाहीत. त्याच जागेवरून १६ एमएम लेन्सला साडेचौदा फुटांहून जास्त दिसतं. आपल्या गोष्टी घरात घडतात आणि आपली घरं लहान आहेत. म्हणून पहिली लेन्स १६ ते ५० या टप्प्यातली, जमल्यास एफ२.८ची. ५० एमएम एफ१.८ दुसऱ्या खेपेला घ्या, क्लोजअपसाठी.

आणखी एक. फोटोच्या झूम लेन्समध्ये झूम फिरवलं की फोकस हलतो. शॉट चालू असताना झूम करायचा असेल, तर तो गुण कॅमकॉर्डरच्या लेन्समध्ये असतो (प्रश्न १८).

७. ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात पट्टे फिरतात. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे, शटर चुकलं आहे. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की सविस्तर सांगतो.

आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन हेलकावे येतात, १/१०० ठेवलं तर बरोबर एक. उजेड सारखा राहतो. १/६० ठेवलं तर हेलकावे अपुरे-अधिक पडतात आणि पट्टे फिरू लागतात. परदेशी व्हिडिओत ‘शटर १/६० ठेवा’ असं जे सांगतात, ते अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांसाठी असतं. तो सल्ला इथे आणला की बिघडलंच.

स्लो मोशनमध्येही हीच मेख आहे. ट्यूबलाइटखाली १२० फ्रेमवर शूट केलं तर शटर १/१००पेक्षा जलदच ठेवावं लागतं, मग पट्टे टळत नाहीत. तिथे १०० किंवा ५० फ्रेम निवडा.

स्वस्त एलईडी माळा, गणपतीच्या मंडपातली रोषणाई, जत्रेतले एलईडीचे पडदे हे विजेच्या तालाशी बांधलेले नसतात, ते स्वतःच्या तालावर लुकलुकतात. त्यासाठी शटर बारीक टप्प्यांनी, म्हणजे १/५०.३, १/५१.१ असं सरकवता येणारा कॅमेरा लागतो. तुमचा विषय मिरवणुका, लावणी, ऑर्केस्ट्रा असा असेल, तर विकत घेण्याआधी मेनूत ही सोय आहे का ते बघाच. नसेल तर शूटच्या आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन त्याच दिव्यांखाली दोन मिनिटं शूट करून पाहा.

८. मेनूत पाल आणि एनटीएससी असे दोन पर्याय आहेत. फिल्म २४ फ्रेमची हवी, काय लावू?

हे दोन टीव्हीचे जुने मापदंड, पाल आपल्याकडचा आणि एनटीएससी अमेरिकेचा. पाल लावा आणि २५ फ्रेमवर शूट करा. सोनी, कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत पाल निवडलं की २५-५०-१०० मिळतात, एनटीएससी निवडलं की २४-३०-६०-१२०. चोवीस आणि पंचवीसमधला फरक प्रेक्षकाला दिसत नाही, आणि २५ फ्रेमवर १/५० शटर आपल्या विजेशी आपसूक जुळतं (प्रश्न ७). चोवीसच हवी असेल तर एनटीएससी लावा, पण शटर हाताने १/५०वर ठेवा. एका फिल्ममध्ये दोन्ही दर मिसळू नका. दोन मित्रांचे दोन कॅमेरे असतील तर सकाळी पहिलं काम हेच: दोघांचे मेनू शेजारी धरून ताडून पाहायचे.

९. बाहेर उन्हात सगळं पांढरंफटक येतं. शटर वाढवलं तर हालचाल तुटक दिसते. मग करायचं काय?

एनडी फिल्टर लावा. तो लेन्ससमोरचा काळा चष्मा. रंग न बदलता उजेड कमी करतो.

हिशेब असा. आयएसओ १००, शटर १/५० ठेवलं, तर निरभ्र दुपारी छिद्र एफ२२च्या आसपास बंद करावं लागतं. तुम्हाला एफ२.८ हवं असेल तर सहा स्टॉप उजेड अडवायला हवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४. पाचगणीच्या पठारावर किंवा सोलापूरकडच्या माळावर सावलीच नसते, तिथे याच्याशिवाय दुपारचं शूट होत नाही. लॉगमध्ये (प्रश्न १०) शूट करत असाल, तर काही कॅमेऱ्यांत आयएसओ ४०० किंवा ८००च्या खाली उतरत नाही. ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप अडवावे लागतात.

फिरवून गडद करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा. पण स्वस्तातला असेल तर टोकाला नेल्यावर फ्रेमवर फुलीसारखी काळी सावली पडते, वाइड लेन्सवर जास्तच. ताकद न बदलणारे दोन वेगळे फिल्टर, एनडी ८ आणि एनडी ६४, हा माझ्या मते खात्रीचा मार्ग. ते तुमच्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचे घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावा.

१०. ८-बिट, १०-बिट आणि लॉग हे मला समजून घ्यायलाच हवं का?

थोडं हवं. ८-बिटमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉग म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाबून, फिकट करून साठवलेलं चित्र. ते नंतर एडिटिंगमध्ये ताणावं लागतं. २५६ पायऱ्या ताणल्या की संध्याकाळच्या आभाळात पट्ट्या उमटतात.

म्हणून कॅमेरा ८-बिटचा असेल, जसा सोनीचा पहिला झेडव्ही-ई१०, तर त्यात लॉग असूनही लावू नका. साधी, थोडी मवाळ रंगसंगती निवडा आणि चेहऱ्यावरचा उजेड जागेवरच नीट घ्या. फुजीफिल्म एक्स-एस२०, सोनी झेडव्ही-ई१० मार्क २, पॅनासोनिक जीएच५ यांत १०-बिट आहे, तिथे लॉग कामाचा. जीएच५ २०१७चा आहे आणि सेकंडहँड बाजारात अजून मान राखून आहे. ऑटोफोकस तेवढा कच्चा.

११. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक पुरेसा नाही का?

संवाद असतील तर नाही. आणि याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही. हललेलं, दाणेदार चित्र प्रेक्षक माफ करतो. संवाद कळला नाही तर तो दुसऱ्या मिनिटाला खिशातून फोन काढतो.

कारण सरळ आहे, अंतर. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक आठ फुटांवरून जे देतो, त्याहून बरं काम साधा माइक काठीला बांधून दोन फुटांवर धरला की होतं. बूमची काठी नसेल तर रंगाऱ्याची लांबणारी काठी चालते.

कॉलर माइक स्वस्त आणि उपयोगी, पण कांजीवरम साडी, खादीचा कडक सदरा यांवर घासून खरखरतो. टेप लावून कापड आणि माइक एकत्र चिकटवा, म्हणजे दोन्ही सोबत हलतील. पंखा बंद करा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबा. रिकाम्या खोलीत भिंतींवर गोधड्या, चादरी टांगा. प्रत्येक जागेवरचा नुसता शांततेचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगमध्ये भोकं बुजवायला लागतो.

कॅमेरा निवडताना माइकच्या जोडीला हेडफोनचं भोकही बघा. झेडव्ही-ई१० मध्ये ते आहे. कॅनन आर५० आणि निकॉन झेड३० मध्ये माइकचं आहे, हेडफोनचं नाही. आवाज ऐकता न येता दिवसभर शूट करायचं आणि रात्री कळायचं की वायर सैल होती, हे मी अनुभवलं आहे. तो अख्खा दिवस पुन्हा करावा लागला. असा कॅमेरा असेल तर रेकॉर्डर वेगळा ठेवा आणि हेडफोन त्याला लावा.

१२. अंगात स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा घेतला तर गिंबल लागणार नाही ना?

गिंबल म्हणजे मोटारींनी कॅमेरा स्थिर धरणारा दांडा. हातात धरून उभ्याने घेतलेल्या शॉटला तो लागणार नाही. चालत घेतलेल्या शॉटला लागेल. वाइड लेन्सवर तर अंगातलं स्टॅबिलायझेशन कडांना लुळंपांगळं करतं. दोन्ही नसतील तर एक भक्कम ट्रायपॉड घ्या, आणि डोक्याला तेल भरलेला फ्लुइड हेड असलेलाच.

१३. मे महिन्यात विदर्भात शूट आहे. कॅमेरा तापून बंद पडतो म्हणतात.

पडतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश असं दिलेलं असतं. चंद्रपूर, अकोला, नागपूरचं मे महिन्यातलं तापमान ४५च्या घरात जातं, म्हणजे कॅमेरा पिशवीतून काढतानाच हद्दीबाहेर असतो. फोर के आणि ५०-६० फ्रेम मिळून सर्वांत जास्त तापवतात. तिथे २५ फ्रेमवर राहा किंवा फुल एचडीवर या. स्क्रीन अंगापासून उघडून बाजूला ठेवा, दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद करा, आणि एका माणसाला फक्त छत्री धरायला ठेवा. सोनीच्या कॅमेऱ्यांत तापमानाची मर्यादा ‘हाय’ करायची सोय असते, तीही लावा. अशा भागात नेहमी शूट करणार असाल तर अंगात पंखा असलेले कॅमेरे बघा: पॅनासोनिकचे एस५ मार्क २ आणि जीएच६ तसे आहेत. सकाळी सहा ते दहा आणि चारनंतर शूट लावलं तर उजेडही सुंदर मिळतो आणि नटांचे हालही होत नाहीत.

१४. कोकणात राहतो. लेन्सच्या आत जाळीसारखं काहीतरी दिसतंय.

ती बुरशी. सुरुवातीची असेल तर कारागीर लेन्स उघडून साफ करतो. काचेवरच्या लेपापर्यंत पोचली असेल तर डाग राहतो. दमट, अंधाऱ्या, बंद जागेत ती वाढते. म्हणजे कॅमेरा जपून कपाटात, चामड्याच्या कव्हरात ठेवणाऱ्याचंच नुकसान आधी होतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिकाचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. सगळ्यात चांगलं औषध म्हणजे कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणं.

एसीच्या गाडीतून भर पावसाळी हवेत उतरताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या. लगेच काढला तर काचेवर दव धरतं.

१५. कार्ड कोणतं घेऊ? व्ही३० की व्ही९०?

बहुतेकांना व्ही३० पुरतं. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. कॅमेऱ्याचा दर मेगाबिटमध्ये दिलेला असतो, त्याला ८ने भागा. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गीगाबाइट. ४०० मेगाबिटवर गेलात तरच व्ही६०, व्ही९०चा विचार करा.

एका १२८पेक्षा ६४ची दोन बरी. एक बिघडलं तर अर्धा दिवस तरी हाती राहतो. नकली कार्डं फार आहेत. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, कॉम्प्युटरवर उतरवून, सगळ्या फाइली उघडतात का ते शूटच्या आधीच पाहा.

१६. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली लॅपटॉपवर अडखळतात. लॅपटॉप बदलू?

आधी प्रॉक्सी बनवा. एडिटिंगचं सॉफ्टवेअर फाइलींच्या हलक्या प्रती करून देतं, त्यांवर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे.

अडखळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे १०-बिट ४:२:२ एच.२६५, म्हणजे रंगाचा जादा तपशील ठेवून खूप दाबलेली फाइल. ती उलगडायला प्रोसेसरमध्ये खास सोय लागते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती ५० मालिकेपासून आली. त्यामुळे महागडं जुनं ग्राफिक कार्ड असूनही फाइल अडखळते आणि साध्या नव्या लॅपटॉपवर पळते, असं दिसतं. तुमच्या गोष्टीला ८-बिट चालत असेल (प्रश्न १०) तर कॅमेऱ्यातच एच.२६४ निवडा, प्रश्न मिटला.

१७. सेकंडहँड घेताना काय तपासायचं? आणि मुळात विकत घ्यावा की भाड्याने?

वर्षात दोन-तीन शूट असतील तर भाड्याने. पहिली फिल्म तर भाड्यानेच, आणि जो मॉडेल विकत घ्यायचा मनात आहे तोच आणा. दोन दिवस हाताळल्यावर जे कळतं ते वीस परीक्षणं पाहून कळत नाही. भाड्याने घेताना दुकानातच कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्यांचा व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे ओरखड्यांवरून वाद होत नाही.

विकत घ्यायचाच तर पैशांची वाटणी आधी ठरवा. एक लाख हातात असतील तर मी कॅमेऱ्याच्या अंगावर पन्नास हजारांच्या वर जाणार नाही. उरलेल्यात लेन्स, माइक-रेकॉर्डर, ट्रायपॉड, एनडी, दोन जादा बॅटऱ्या आणि एक एलईडी दिवा. गावाकडे लोडशेडिंग असतं, तिथे यूएसबी-सीवरून पॉवरबँकने चालणारा कॅमेरा फार मोठा आधार देतो.

सेकंडहँडसाठी मुंबईत फोर्टातला बोरा बाजार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. कुठूनही घ्या, पण स्वतःचं कार्ड, माइक आणि हेडफोन घेऊन जा. लेन्सला टोपी लावून आयएसओ वाढवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एकाच जागी चमकणारा ठिपका म्हणजे बिघडलेला पिक्सेल. लेन्सच्या एका टोकाने मोबाइलचा टॉर्च मारून दुसरीकडून बघा, बुरशी दिसते. स्क्रीनची बिजागरी पूर्ण उघडून फिरवताना चित्र जातं का पाहा. माइकची पिन आणि एचडीएमआयची केबल हलवून बघा. कॅमेरा सर्वांत मोठ्या मापावर आणि सर्वांत जास्त फ्रेमवर वीस मिनिटं सलग चालू ठेवा आणि चहा प्या. फोटोवाले शटर काउंट विचारतात. व्हिडिओत यांत्रिक शटर झिजत नाही, त्यामुळे तो आकडा आपल्याला दुय्यम. जीएसटीचं मूळ बिल मागा. बिलाविना मिळणारा ‘इम्पोर्ट’चा पीस स्वस्त असतो, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही.

१८. दोन अंकी नाटक एका दमात रेकॉर्ड करायचंय. मिररलेस चालेल?

जपून. जुन्या फोटो कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांवर तुटतं. युरोपात सलग अर्धा तास रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जादा आयात कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली. नव्या बऱ्याच मॉडेलांत ती निघाली आहे, पण तापणं (प्रश्न १३) आणि बॅटरी उरतातच. नाटकासाठी कॅमकॉर्डर हेच खरं हत्यार: अंक संपेपर्यंत चालतो, झूममध्ये फोकस टिकतो, वरच्या श्रेणीत साउंडवाल्याकडून थेट एक्सएलआर वायर घेता येते. रंगमंचाचे दिवे चेहऱ्यावर कडक आणि मागे काळोख असतो, तेव्हा एक्सपोजर हाताने, चेहऱ्यावर बेतून ठेवा.

१९. अमेरिकेतून मामा येतोय, कॅमेरा तिकडूनच मागवू का?

नव्या मिररलेसमध्ये पाल-एनटीएससी दोन्ही असतात, चार्जरही १०० ते २४० व्होल्टचे असतात, तेव्हा चालवायला अडचण नाही. वॉरंटी मात्र तिथलीच की जगभरची ते विचारून घ्या. जपानमधून येत असेल तर मेनूची भाषा आधी पाहायला सांगा. तिथल्या बाजारासाठी केलेल्या सोनीच्या कित्येक मॉडेलांत फक्त जपानीच मेनू असतो. मामाचा स्वतःचा जुना अमेरिकी कॅमकॉर्डर येत असेल तर तो बहुधा फक्त ६० हर्ट्झच्या दरावर चालणारा असेल. इथल्या घरात तो वापरायचा तर प्रश्न ७ आधी वाचा.

२०. कपाटात मिनीडीव्ही हँडीकॅम सापडला. त्यावर फिल्म करू शकतो?

करू शकता. चित्र ७२० × ५७६चं, इंटरलेस्ड (आडव्या ओळी दोन खेपांत टिपलेलं), कडा मऊ. आठवणीचा प्रसंग, नव्वदीतलं लग्न असं काही दाखवायचं असेल तर तो पोत कुठल्याच इफेक्टने इतका खरा येत नाही. टेप उतरवायला फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर शोधावा लागेल. तासाभराची टेप साधारण १३ गीगाबाइटची होते. आणि त्या कपाटात घरच्या जुन्या टेप असतील तर फिल्म नंतर करा, आधी त्या उतरवून घ्या. हेड झिजलेले, टेप चिकटलेल्या, असं दरवर्षी होतं आणि आजीचा आवाज कायमचा जातो.

२१. कॅमेरा हातात आला. पहिल्या आठवड्यात नेमकं काय शूट करू?

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी थेट चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीच्या फ्रेम दिवसेंदिवस एकेक करून टिपल्या. तो मिनिटाभराचा तुकडा पाहून भांडवल देणारा तयार झाला.

तुम्हीही तेच करा, कारण त्यात कॅमेऱ्याची पुरी ओळख होते. वाटीत मटकी किंवा वाटाणा पेरा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस हाताने, एक्सपोजर हाताने, रंगाचं तापमान बांधलेलं. खिडकी बंद, एकच दिवा, तो रात्रंदिवस चालू. २५ फ्रेमच्या हिशेबाने दहा सेकंदांना २५० फ्रेम लागतात. दर तासाला एक घेतली तर साडेदहा दिवस. कॅमेऱ्यात इंटर्व्हलची सोय असेल तर ती लावा आणि बॅटरीऐवजी डमी बॅटरीने थेट विजेवर चालवा. वाटीला पाणी घालताना ट्रायपॉडला धक्का लागू देऊ नका, त्याच्या पायांच्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा.